चित्र पडद्यावर पाहावे की भिंतीवर?

काही महिन्यांपूर्वी एका शाळेत प्रकाशाच्या परावर्तनावर व्याख्यान देण्यासाठी गेलो होतो. व्याख्यानानंतर चहा घेताना सहलीचा विषय निघाला. ही शाळा पूर्वी दरवर्षी नववीच्या मुलांना मुंबईचे वस्तुसंग्रहालय दाखवायला नेत असे. ती सहल आता बंद झाली आहे. कारण विचारले तेव्हा एक शिक्षक म्हणाले, "सर, आता सगळे मोबाइलवर दिसते. बसभाडे कशाला खर्च करायचे?"

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. 'सगळे दिसते' असे कोणी म्हटले की माझ्या मनात लगेच प्रश्न येतो : किती दिसते? आणि ते कशाने मोजले? तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, हे विधान कितपत खरे आहे, ते आपण मोजूनच पाहू या.

प्रथम पडद्याची बाजू घेऊ, कारण ती चांगली भक्कम आहे. हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅम शहरात राइक्सम्युझियम नावाचे प्रसिद्ध संग्रहालय आहे. रेम्ब्रां या चित्रकाराने १६४२ साली पूर्ण केलेले 'नाइट वॉच' हे चित्र तेथे आहे. चित्र सुमारे ४.५ मीटर रुंद आणि ३.८ मीटर उंच. म्हणजे वर्गाची एक भिंत भरून टाकील एवढे. २०२२ च्या जानेवारीत या संग्रहालयाने त्या चित्राचे एक छायाचित्र सर्वांसाठी खुले केले. ८,४३९ छायाचित्रे एकमेकांना जोडून ते तयार केलेले आहे. त्यात ७१,७०० कोटी पिक्सेल, म्हणजे चित्रबिंदू आहेत. दोन शेजारच्या बिंदूंमधील अंतर मूळ चित्रावर ५ मायक्रोमीटर, म्हणजे ०.००५ मिलिमीटर भरते. आपल्या रक्तातील तांबडी पेशीसुद्धा याहून मोठी असते!

आता आपल्या डोळ्याची क्षमता पाहा. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांनी डोळ्याशी साधारण एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा तरी कोन करावा लागतो. (या कोनाला गणितात 'कला' असेच नाव आहे, हा योगायोग गमतीचा खरा.) चित्रापासून तीन मीटरवर उभे राहिल्यास हा कोन चित्रावरील सुमारे ०.९ मिलिमीटर अंतराएवढा होतो. म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅमला जाऊन चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला जेवढे बारीक दिसेल, त्याच्या पावणेदोनशे पट बारीक तपशील खेड्यातल्या शाळेत संगणकापुढे बसलेल्या मुलीला दिसू शकतो. रंगाच्या थराला पडलेल्या भेगा, रंगाचे कण, कुंचल्याचा प्रत्येक फटकारा ती पाहू शकते. ही सोय फुकट मिळत असताना पडद्याला नावे ठेवणे हा अडाणीपणा होईल. अ‍ॅम्स्टरडॅमचे विमानभाडे आपल्यापैकी किती जणांना परवडणार आहे?

तर मग त्या शिक्षकांचे म्हणणे बरोबर ठरले काय? नाही. तपशील ही एक राशी झाली. चित्रात मोजण्यासारख्या इतरही राशी आहेत, आणि त्यांतील काही पडद्यावर येताना गळून पडतात.

पहिली राशी म्हणजे आकार. मोबाइलचा पडदा आडवा धरला तर साधारण १५ सेंटिमीटर रुंद असतो. 'नाइट वॉच' त्यात बसवायचे तर निदान तीस पटींनी लहान करावे लागते. मूळ चित्रातील पुढची माणसे जवळजवळ खऱ्या माणसाएवढी आहेत. मोबाइलवर ती करंगळीहून लहान होतात. याउलट मोगल काळातील एखादे लघुचित्र वहीच्या पानाएवढेच असते. मोबाइलवर ही दोन्ही चित्रे सारख्याच मापाची होऊन बसतात. एकापुढे मान वर करून मागे सरकावे लागते आणि दुसऱ्यापुढे वाकून नाक काचेजवळ न्यावे लागते, हा फरक पडदा पुसून टाकतो.

दुसरी राशी मला योगायोगाने सापडली. मी नववीत असताना आमच्या शाळेनेही संग्रहालयाची सहल काढली होती. साठ मुलांची रांग अर्ध्या तासात सारी दालने फिरून बाहेर आली. त्यातली आज आठवते ती फक्त शिक्षकांची शिट्टी आणि 'हात लावू नका' ही सूचना. पुढे कॉलेजात शिकवू लागल्यावर एकदा मुंबईत गाडीला दोन तास अवकाश होता, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एकटाच गेलो. लघुचित्रांच्या दालनात एका दरबारी चित्राखालची माहितीची पाटी वाचायला वाकलो, आणि चित्रातील तलवारीची मूठ एकदम लखलखली. उभा राहिलो, चमक गेली. पुन्हा वाकलो, पुन्हा आली. पुढची वीस मिनिटे मी त्या चित्रासमोर उठाबशा काढत होतो. रखवालदार माझ्याकडे संशयाने पाहत होता, त्याला माझा नाइलाज होता!

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. लघुचित्रांत खरे सोने वापरीत. सोन्याचा वर्ख बारीक खलून, डिंकात कालवून तो कुंचल्याने लावीत आणि नंतर घोटून गुळगुळीत करीत. गुळगुळीत धातूवरून प्रकाश परावर्तित होतो तेव्हा आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात. म्हणून दिवा, सोने आणि डोळा यांचे नाते जुळले तरच चमक दिसते. छायाचित्र घेताना कॅमेरा एका जागी असतो आणि दिवाही ठरलेल्या जागी. त्या एका क्षणी जे दिसले तेच पडद्यावर गोठून राहते. शिवाय पडदा लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या प्रकाशातून सारे रंग घडवतो. त्याने दाखवलेले सोने हा एक पिवळसर तपकिरी रंग असतो. तुम्ही डोके हलवले तरी तो जागचा हलत नाही. चित्रकाराने सोने वापरले ते पाहणारा हलेल हे गृहीत धरून. पाहणारा हललाच नाही, तर चित्राचा एक भाग न पाहिलेलाच राहिला.

येथे पुन्हा रेम्ब्रांची आठवण होते. तो भारतात कधीच आला नाही. परंतु व्यापारी जहाजांबरोबर हॉलंडमध्ये गेलेली मोगल चित्रे त्याने पाहिली, आणि १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्यांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. जहांगीर आणि शहाजहान त्यांत आहेत. दूरदेशीची कला घरबसल्या पाहण्याची हौस, पाहा, किती जुनी आहे! पण रेम्ब्रांने ती चित्रे नुसती पाहून बाजूला ठेवली नाहीत, हातात लेखणी घेऊन तो ती रेषेरेषेने उतरवीत बसला. आपण मोबाइलवर एका मिनिटात वीस चित्रे पुढे सरकवतो. त्याला मी पाहणे म्हणणार नाही.

म्हणून माझे मत असे आहे. पडदा आणि संग्रहालय यांत निवड करण्याचे कारणच नाही. पडदा हे भिंग आहे आणि संग्रहालय ही प्रयोगशाळा आहे. भिंग मिळाले म्हणून कोणी प्रयोगशाळेला कुलूप लावत नाही. मात्र जुन्या पद्धतीच्या सहलीही मला परत नको आहेत. शिट्टीच्या तालावर साठ मुलांना दालनांतून पळवायचे असेल, तर बसभाडे खरोखरच वाया गेले म्हणायचे.

शिक्षकांना माझी सूचना साधी आहे. सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात संग्रहालयातील काही वस्तू पडद्यावर दाखवा. मुंबईच्या संग्रहालयातील कित्येक वस्तू संगणकावर पाहता येतात. प्रत्येक मुलाने त्यांतील एकच निवडावी आणि ती केवढी असेल याचा अंदाज वहीत लिहावा. संग्रहालयात गेल्यावर त्या एका वस्तूपुढे निदान वीस मिनिटे थांबावे. आकाराचा अंदाज किती चुकला ते लिहावे. डावीकडून, उजवीकडून, वाकून, दूर जाऊन काय बदलते ते टिपावे. (काचेची चमक आणि आतल्या वस्तूची चमक यांत गल्लत करू नये.) शेवटी पेन्सिलीने रेखाटन करावे. ते चांगले येण्याची गरज नाही. परत आल्यावर तीच वस्तू पुन्हा पडद्यावर मोठी करून पाहावी. आपल्या नजरेतून काय निसटले होते, ते तेव्हा कळेल.

आणि ज्यांच्या गावापासून संग्रहालय दूर आहे, त्यांनी काय करावे? महाराष्ट्रातील अनेक गावांत देवळाजवळ किंवा वेशीपाशी वीरगळ उभे असतात. लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले हे दगड. आपण रोज त्यांच्यावरून जातो आणि त्यांवर काही दिसत नाही म्हणून पुढे जातो. दगड पूर्वेकडे तोंड करून असेल, तर सकाळचे ऊन त्यावर सरळ समोरून पडते, सावल्या पडत नाहीत आणि झिजलेले कोरीवकाम सपाट दिसते. तोच दगड ऊन डोक्यावर येऊ लागल्यावर पाहा. किरण पृष्ठभागाला घासून जाऊ लागतात, प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते, आणि तलवार उगारलेला वीर, वरच्या कप्प्यातील शिवलिंग, माथ्यावरचे चंद्रसूर्य उठून दिसू लागतात. संध्याकाळी विजेरी बाजूने धरूनही हा प्रयोग करता येईल. दगडाला खडू किंवा तेल मात्र मुळीच लावू नका. प्रकाश पुरेसा आहे.

त्या शाळेतील शिक्षकांना मी शेवटी एवढेच म्हटले, "मोबाइलवर जे दिसते ते मुलांना जरूर दाखवा. पण ते पाहताना मुलांना जागचे हलावे लागत नाही, हीच त्याची उणीव आहे." ते हसले. यंदा एकाच वर्गाची सहल नेऊन पाहू, असे त्यांनी कबूल केले आहे. बरोबर जाण्याचे मीही कबूल केले आहे.