थांबायला शिकवणारी फळी

पुढच्या सत्रापासून आपल्या शाळेत तिरंदाजीचा छंदवर्ग सुरू व्हावा, अशी चर्चा सध्या शिक्षककक्षात आणि पालकसभेत दोन्हीकडे चालू आहे. बहुतेकांचे म्हणणे असे की, फायबरग्लासची तयार धनुष्ये मागवावीत, निशाणे उभारावीत आणि सराव सुरू करावा. कार्यशाळेचा प्रशिक्षक म्हणून माझे मत थोडे वेगळे आहे. धनुष्ये जरूर मागवावीत. पण त्याआधी कॅडेट्सनी लाकडाच्या वखारीतून आणलेल्या साध्या फळीतून एक धनुष्य स्वतःच्या हाताने करावे. पैसे वाचतात म्हणून किंवा पूर्वजांचा वारसा म्हणून मी हे सांगत नाही. आपल्या शिस्तीत एक धडा कमी पडतो आणि तो या कामात मिळतो, म्हणून सांगतो.

आधी काम काय आहे ते पाहू. लागते ती 6 फूट लांब, दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशी एक फळी. पण ती निवडणे हेच निम्मे काम. फळीच्या रुंद बाजूवर ज्या रेषा दिसतात, त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. एखादी रेषा मध्येच तिरकी होऊन काठावरून बाहेर पडत असेल, तर फळी परत ठेवावी. लाकूड तंतूंच्या दिशेने फाटते आणि धनुष्य वाकले की नेमके तिथेच उकलते. हीच तपासणी अरुंद बाजूवरही करायची. गाठ दिसली की फळी बाद. वखारवाला कंटाळतो, पण चाळीस-पन्नास फळ्या उलटसुलट केल्याशिवाय मनासारखी एक हाती लागत नाही.

साग दारे-खिडक्यांसाठी उत्तम. धनुष्यासाठी मी ॲशला पसंती देतो. हे परदेशी लाकूड मोठ्या शहरांच्या लाकूडबाजारात मिळते. आपल्याकडची धामण मिळाली तर सोन्याहून पिवळे. ती चिवट आणि लवचिक असते, म्हणून हत्यारांच्या दांड्यांना वापरतात. तिचे संस्कृत नाव धन्वन. लाकूड मात्र पूर्ण वाळलेले हवे. ओलसर फळीचे धनुष्य वाकले की वाकलेलेच राहते.

फळीच्या बरोबर मध्यावर मुठीसाठी 4 इंच आखायचे. मुठीच्या दोन्ही बाजूंचे 2-2 इंच हळूहळू पातळ होत बाहूंना मिळतात. या आठ इंचांवर लाकडाचा एक ठोकळा गोंदाने चिकटवायचा, म्हणजे हा भाग वाकत नाही. तिथून पुढे दोन बाहू. बाहूंच्या मध्यापर्यंत रुंदी दीड इंचच ठेवायची आणि मग टोकाकडे अर्ध्या इंचापर्यंत निमुळती करायची. जाडी अर्ध्या इंचाच्या आसपास आली की करवत आणि रंधा बाजूला ठेवायचे. पुढचे काम कानस आणि पॉलिश पेपरचे.

भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावे. फळीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर तो आठवा हिस्सा उरतो. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यातला एक मिलिमीटर खरवडला, तर त्या जागेचा ताठपणा पाचव्या हिश्शाहूनही जास्त घटतो. अशी सपाट धनुष्ये म्हणजे गरिबाची सोय नव्हे. 1930 च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने मोजमापे आणि गणित करून दाखवले, की जुन्या इंग्लिश लाँगबोच्या गोलसर छेदापेक्षा सपाट आयताकृती छेद लाकडाचा जास्त चांगला उपयोग करतो. हेच हिकमन पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रॉकेट संशोधनात होते.

आता खरा धडा. दोन्ही बाहू सारखे आणि संपूर्ण लांबीत एकसारखे वाकले पाहिजेत. त्यासाठी धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर आडवे ठेवतात, सैल दोरी लावतात, एक जण ती इंच-इंच खाली ओढतो आणि दुसरा लांब उभा राहून वाक पाहतो. याला टिलरिंग म्हणतात. जिथे बाहू ताठ दिसतो तिथे पेन्सिलने खूण करायची आणि फक्त तिथलेच लाकूड थोडे खरवडायचे. जिथे जास्त वाकतो, तिथे हात लावायचा नाही. मग वीस-तीस वेळा थोडे थोडे ओढून लाकडाला नव्या वाकाची सवय करायची आणि पुन्हा पाहायचे.

यात एक नियम कधीही मोडायचा नाही: दोष दिसला की त्यापुढे एक इंचही ओढायचे नाही. आधी दोष काढायचा, मग पुढे जायचे. धनुष्याची निशाणाकडची बाजू म्हणजे पाठ ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू म्हणजे पोट दाबले जाते. ताण सोसवेना की पाठीवर बारीक कूस उभी राहते. दाब सोसवेना की पोटावर केसासारखी आडवी सुरकुती पडते. तुटण्याआधी लाकूड बहुधा अशी सूचना देते. ती वाचता आली पाहिजे आणि वाचल्यावर हात थांबला पाहिजे.

हेच आपल्या मुलांना जड जाते. “सर, अजून दोनच इंच राहिलेत, ओढू का?” हा प्रश्न मी कार्यशाळेत अनेकदा ऐकला आहे. विचारणारा बहुतेक वेळा मैदानावर सर्वांत पुढे असणारा कॅडेट असतो. त्याचा दोष नाही. पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत आपण त्याला एकच सांगतो: मागे हटू नकोस, दम सोडू नकोस. ते योग्यच आहे. पण त्यामुळे काही मुलांचा समज होतो की थांबणे म्हणजे हरणे.

क्रॉस-कंट्रीच्या आधीच्या आठवड्यात नडगी दुखत असूनही सिक रिपोर्ट न करणारी मुले मी पाहिली आहेत. आपल्यामुळे हाऊसचे गुण जातील, ही त्यांची भीती असते. सततच्या धावण्याने हाडावर पडणारी सूक्ष्म चीर, म्हणजेच स्ट्रेस फ्रॅक्चर, जगभरच्या सैनिकी प्रशिक्षणात ओळखीचे आहे. वेळेवर विश्रांती दिली तर ती चीर भरून येते; रेटत राहिले तर हाड मोडू शकते आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीच्या जागी कित्येक महिने जातात. उद्या हाच मुलगा अधिकारी होईल. स्वतःची नडगी लपवणाऱ्याला आपल्या तुकडीतल्या लंगडणाऱ्या जवानाकडे पाहून थांबण्याचा हुकूम देता येईल का? भाषणाने हे शिकवता येत नाही, हे आपण सर्व जण जाणतो. फळी ते शिकवते, कारण फळीला कोणाच्या हाऊसची, पदकाची किंवा वडिलांच्या हुद्द्याची पर्वा नसते.

पालकांचा पहिला प्रश्न सुरक्षेचा असेल आणि तो रास्त आहे. कार्यशाळेत गॉगलशिवाय टिलरिंग नाही; दोरी ओढताना धनुष्याच्या पुढे किंवा वर डोके न्यायचे नाही. बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही, कारण बाणात जायची सगळी शक्ती मग लाकडातच फुटते. धनुष्याची ओढ 28 इंचांवर 30 पौंडांच्या आत ठेवायची आणि बाण सोडायचा तो फक्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या हुकमावर. रायफलच्या बाबतीत जी शिस्त, तीच इथे.

दुसरा प्रश्न वेळेचा. एनडीएची लेखी परीक्षा डोक्यावर असताना सुतारकाम कशाला? म्हणून मी हे आठवी-नववीसाठी सुचवतो आहे. पण मोठ्यांनीही लक्षात ठेवावे की एसएसबीच्या मैदानावर गटापुढे फळी, बल्ली आणि दोर ठेवला जातो. या वस्तू किती भार घेतील, याचा अंदाज हाताला आधीच असेल तर तो वाया जात नाही.

तिसरा आक्षेप असा की, फळीच्या धनुष्याने पदक मिळत नाही. अगदी खरे. साताऱ्याच्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले ते आधुनिक रिकर्व्ह धनुष्य घेऊन, आणि आपल्या मुलांना तिथवर जायचे असेल तर तशीच साधने लागतील. मात्र तीन ऑलिंपिक खेळलेले राजस्थानचे लिंबा राम असोत की झारखंडच्या दीपिका कुमारी, दोघांचीही सुरुवात बांबूच्या साध्या धनुष्याने झाली. साध्या धनुष्याने त्यांची वाट अडवली नाही.

तेव्हा माझी सूचना अशी: चार कॅडेट्सचा एक गट, गटाला एक फळी, शनिवारचे दोन तास आणि दहा आठवडे. फळी निवडायला गटानेच वखारीत जावे. प्रशिक्षकाने सोबत असावे, पण बोट दाखवू नये. प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. कुठे ताठ होते, किती खरवडले, काय दिसले आणि कोणी “थांबा” म्हटले, हे तिच्यात लिहावे. ज्या गटाचे धनुष्य मोडेल, त्याने तुकडे फेकू नयेत. तडा कुठून सुरू झाला ते शोधून इतर गटांना दाखवावे, आणि त्याबद्दल गुण कापू नयेत.

सत्र संपल्यावर कोणाचा बाण किती लांब गेला हे सगळे विचारतीलच. मी मात्र आधी वह्या मागवीन आणि “आज इथे थांबलो” अशा नोंदी शोधीन.