सह्यांचा ‘विश्वचषक’ घरपोच मिळतोय? पैसे भरण्याआधी हे वाचा

२ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर, २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. अशा विजयाची आठवण घरात असावी, असं वाटण्यात गैर काहीच नाही. पण ‘संपूर्ण संघाच्या सह्यांची ट्रॉफी, मर्यादित नग’ अशी जाहिरात मोबाइलवर आली, तर किन्हीराजातल्या चाहत्यानं काय पाहावं?

मूळ ट्रॉफी कुठे असते?
वनडे विश्वचषकाची मूळ ट्रॉफी आयसीसीकडेच राहते. विजेत्यांनाही प्रतिकृतीच मिळते. अमेरिकन फुटबॉलमध्ये उलटं आहे. तिथली व्हिन्स लोम्बार्डी ट्रॉफी ‘टिफनी’ कंपनी दरवर्षी नव्यानं घडवते आणि ती विजेत्या संघाकडे कायमची राहते. तिच्या सह्या केलेल्या छोट्या प्रतिकृती जमवणारे शौकीन तिकडे आहेत. प्रतिकृती विकणं ही फसवणूक नव्हे. पण तिची किंमत चढते ती सहीमुळे, आणि खोटेपणाही तिथूनच शिरतो.

अमेरिकेचा धडा काय?
१९९० च्या दशकात एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या. सह्यांसोबत प्रमाणपत्रंही बनावट होती. बाजारातल्या निम्म्याहून अधिक सह्या खोट्या असाव्यात, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. म्हणून विक्रेत्यानंच छापलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. तो स्वतःच्या पोराला स्वतःच दिलेला चारित्र्याचा दाखला असतो.

काय तपासाल?
• सही कधी, कुठे झाली? फोटो असल्यास त्यात हीच वस्तू दिसते का?
• सही झूम करून पाहा. बारीक ठिपके दिसले, तर ती छापील असू शकते.
• होलोग्रामचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाइप करून तपासा. विक्रेत्याची लिंक वापरू नका.
• ‘खेळाडूनं स्वतः केलेली सही’ असं बिलावर लिहून घ्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

फसलात तर?
विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. किन्हीराजाच्या ग्राहकासाठी म्हणजे वाशीमला. मुदत २ वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे घेऊन विक्रेता गायब झाला, तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

आमचं मत
सहीचा पुरावा नसेल, तर साधी, बिनसहीची प्रतिकृती घ्या. कपाटात ती तेवढीच शोभते आणि खिशालाही परवडते. दिग्गजांच्या सह्यांच्या बॅट पाहायच्या असतील, तर पुण्यात ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय आहे. आणि घरात सह्यांचा चषक हवाच असेल, तर गावच्या कबड्डी संघानं जिंकलेल्या चषकावर त्या पोरांच्या सह्या घ्या. त्या खऱ्या आहेत का, हे कुणाला विचारावं लागणार नाही.