मोजदाद पाखरांची, कसोटी कारभाराची

नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या नाताळपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, खारफुटीची व दलदलीची जमीन भरावाखाली गेली. सिमेंट किती लागले, भरपाई किती दिली, कर्ज किती काढले, याचा हिशेब कागदोपत्री सापडेल. परंतु त्या दलदलीत दर हिवाळ्यात किती पक्षी उतरत होते, ते आता कोठे जातात, गाढी नदीच्या अलीकडे खांदेश्वरच्या तलावावर त्यांतले काही येऊ लागले आहेत काय, हे कोणत्याही जमाखर्चात मिळत नाही. अभ्यास झाले नाहीत असे नाही. पण ते त्या त्या प्रकल्पापुरते आणि ठरलेल्या मुदतीपुरते. वर्षानुवर्षांची सलग नोंद असलीच, तर ती काही हौशी मंडळींच्या टिपणवह्यांत.

अशा मंडळींपैकी काही जण रविवारी सकाळी खांदेश्वरच्या महादेव मंदिराजवळील तलावाकाठी जमतात. स्थानिक निसर्ग मंडळाची ही आठ-दहा माणसे: एक निवृत्त टपाल कर्मचारी, दोन शिक्षिका, बाकीचे विद्यार्थी. एकाने पाणकावळे मोजायचे, दुसऱ्याने वंचक आणि बगळे, तिसऱ्याने घड्याळ पाहून वेळ लिहायची. मीही गेली काही वर्षे अधूनमधून त्यांच्यात असतो. फिरावयास आलेल्या एका गृहस्थांनी मध्यंतरी मला विचारले, “सर, याचे काही मिळते का हो?” अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. कोणी कोणाला काही देत नसताना हे श्रम का व्हावेत, त्यांची किंमत किती, आणि त्यांचा लाभ शेवटी कोणाला, हे तिन्ही प्रश्न त्यात आहेत.

हौशी माणसांची परंपरा

निसर्गाची नोंद ठेवणे हे पगारी शास्त्रज्ञांचेच काम, ही समजूत अलीकडची आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी स्थापन केली. त्यांत दोघे हिंदी होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही व्यवसायाने वैद्य. प्रार्थना समाजाची स्थापना करणारे आत्मारामपंत निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्याही उभारणीत असावेत, हा केवळ योगायोग नव्हे. डोळे उघडे ठेवून पाहावे, पाहिले ते लिहावे आणि लिहिलेले चारचौघांपुढे तपासणीस ठेवावे, ही त्या पिढीची वृत्तीच होती. पुढे ज्यांच्या नावाने भारतातील पक्षिशास्त्र ओळखले गेले त्या सालिम अलींजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. सुगरण पक्ष्याच्या विणीवरील त्यांचा गाजलेला अभ्यास १९३० साली आपल्याच रायगड जिल्ह्यातील किहीम येथे झाला.

या परंपरेतील एक करुण प्रसंग मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७० च्या दशकात देशभरच्या अधिकाऱ्यांकडून आणि हौशी निरीक्षकांकडून पक्ष्यांची माहिती गोळा केली होती. त्यांच्या अनुपस्थितीत घरच्या नोकराने त्या हस्तलिखितांचा मोठा भाग बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकला. नोंद ठेवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती जपण्याची आणि वापरण्याची व्यवस्था असणे महत्त्वाचे, हा याचा बोध. आज नोंदी संगणकावर सुरक्षित आहेत. पण ज्या नोंदीकडे निर्णय घेणारा पाहतच नाही, तिची किंमत रद्दीहून फार निराळी नाही.

गिधाडांचा धडा

मोजदाद न झाल्याने काय घडते, याचे सर्वांत महागडे उदाहरण गिधाडांचे आहे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. राजस्थानातील भरतपूर येथे सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्याजवळ १९८० च्या दशकातील मोजणी होती; दहा वर्षांनंतरची मोजणी तिच्याशेजारी ठेवल्यावर ऱ्हासाचे स्वरूप उघड झाले. जुना आकडा नसता तर गिधाडे हल्ली कमी दिसतात, एवढे म्हणून लोक गप्प बसले असते. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध याचे कारण असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर बहुतेक गिधाडे संपली होती.

या घटनेचा आर्थिक हिशेब एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. गिधाडे गेल्यावर मेलेली जनावरे उघड्यावर सडू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. ज्या सेवेसाठी कोणी कधी पैसा मोजला नाही, तिची किंमत ती बंद पडल्यावर समाजाने जिवाने चुकती केली. बाजारात ज्याला भाव नाही, ते बाजार मोजत नाही. आणि जे मोजले जात नाही, ते नष्ट करण्याचा खर्चही हिशेबात शून्य धरला जातो. दुर्बीण घेऊन तळ्याकाठी उभा असलेला नागरिक हा शून्य खोडून तेथे खरा आकडा लिहीत असतो.

फुकट श्रम, पण खरे श्रम

या कामाची व्याप्ती आता मोठी झाली आहे. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींबद्दल दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत. १७८ जातींच्या रक्षणाला अग्रक्रम द्यावा, असा निष्कर्ष आहे. एवढी माणसे वेतनावर नेमण्याची ऐपत कोणत्याही सरकारी खात्याला नाही.

हौशी माणसाची नोंद विश्वसनीय कशी मानावी, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर पद्धतीत आहे. निरीक्षकाने किती वेळ पाहिले, किती अंतर चालले आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहिला की केवळ आवडलेला, हे नोंदविले की एकेकाची चूक हजारो नोंदींत विरून जाते. संपूर्ण यादीत न दिसलेला पक्षीही आपोआप नोंदला जातो. खांदेश्वरला आज शेकाट्या दिसला नाही, ही बातमी नसेल. पण सलग तीन हिवाळे तो दिसला नाही, तर ती नक्कीच बातमी आहे.

दुसरे उत्तर हेतूत आहे. रिचर्ड टिटमस या इंग्लिश अभ्यासकाने १९७० मध्ये रक्तदानाविषयी असे दाखवून दिले की, पैसे देऊन मिळविलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेले रक्त अधिक निर्धोक असते, कारण दात्याला आपला आजार लपविण्याचे कारण नसते. याचा प्रत्यय मला माझ्याच चुकीतून आला. एका वर्षी मी वर्गात जाहीर केले की, जो पक्षीगणनेला येईल त्याला प्रमाणपत्र मिळेल. गर्दी झाली. हाती आलेल्या याद्यांपैकी अकरा याद्यांत तेच चौदा पक्षी त्याच क्रमाने होते. टिटवीच्या नावातील शुद्धलेखनाची चूकही सारखीच होती. त्या अकरा जणांपैकी बहुतेक जण तलावापर्यंत आलेच नव्हते. पुढच्या वर्षी प्रमाणपत्र बंद केले. सहा विद्यार्थी आले. त्यांतली एक मुलगी आजही येते.

तरीही या पद्धतीची मर्यादा मान्य केली पाहिजे. हौशी माणूस रविवारी जातो, स्थानकाजवळ जातो आणि जेथे मन रमते तेथे जातो. तळोजे औद्योगिक वसाहतीतील नाल्याकाठी दुर्बीण घेऊन कोणी फिरत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच परिसरात निळ्या रंगाची कुत्री हिंडताना दिसली, तेव्हा कासाडी नदीत जाणाऱ्या रसायनांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. प्राणिमित्रांनी छायाचित्रांसह तक्रार केली आणि एका कारखान्याला टाळे लागले. पण त्या नदीवर पोट असणारे मच्छीमार फार आधीपासून तक्रार करीत होते. त्यांचे ज्ञान कोणाच्या यादीत नव्हते. आगरी-कोळी वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना खाडीतले मासे आणि पाखरे कधी व कोठून कमी झाली हे ठाऊक असते. निसर्ग मंडळांनी त्यांच्या अंगणात जाऊन बसावे. केवळ दुर्बीणवाल्यांची मोजणी एकांगीच राहील.

नोंदीला निर्णयात जागा हवी

आता शासनाच्या वाट्याचे काम. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. कल्पना उत्तम होती. परंतु वर्षानुवर्षे काम रेंगाळले. अखेर राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि ती चुकविणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. मग अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईघाईने उरकल्या गेल्या. माझ्या वर्गातील त्या अकरा याद्यांची मला येथे आठवण होते: दंडाची भीती काय आणि प्रमाणपत्राचा लोभ काय, दोन्हींतून कागद निर्माण होतो, ज्ञान होत नाही.

पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाचीही तीच गत आहे. अनेक प्रकल्पांसाठी एका ऋतूची, तीही पावसाळा वगळून केलेली पाहणी पुरेशी मानली जाते. बगळ्यांची वीण पावसाळ्यात होते, हे तलावाकाठच्या कोणत्याही निरीक्षकाला ठाऊक आहे. पाहणीचा खर्च प्रकल्प उभारणाराच करतो आणि सल्लागारही तोच निवडतो. असा अहवाल तपासून पाहावयाचा, तर त्याच जागेची स्वतंत्र, दहा-वीस वर्षांची नोंद हाताशी हवी. ती नागरिकांखेरीज दुसरे कोण ठेवणार?

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पनवेल महापालिकेच्या जैवविविधता समितीने स्थानिक मंडळांची वार्षिक गणना अधिकृत नोंदवहीत दरवर्षी समाविष्ट करावी. प्रकल्पाच्या परवानगीचा विचार करताना उपलब्ध नागरी नोंदी विचारात घेणे बंधनकारक असावे, आणि त्या नाकारावयाच्या तर लेखी कारण द्यावे. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत हे काम ऐच्छिक म्हणून ठेवावे. सक्तीचे केल्यास काय होते ते वर सांगितलेच आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. नागरिक फुकट मोजतात, म्हणून वनखात्यातील पदे रिकामी ठेवावीत किंवा संशोधन संस्थांचे अनुदान कापावे, असा अर्थ कोणी काढू नये. प्रदूषण मोजणारी प्रयोगशाळा आणि कायदा राबविणारा अधिकारी यांची जागा रविवारची हौस घेऊ शकत नाही. नागरिकाने साक्ष द्यावी. न्याय करण्याची जबाबदारी शासनाचीच.

त्या गृहस्थांना मी त्या दिवशी काय उत्तर दिले, ते सांगितले पाहिजे. मी म्हणालो, “आम्हाला काही मिळत नाही, पण हे तळे बुजवायची वेळ आली, तर येथे काय होते ते सांगणारा कागद तुमच्या नातवंडांना मिळेल.” ते थोडा वेळ थांबले आणि पलीकडच्या काठावरचा खंड्या आमच्या यादीत आला आहे का, असे त्यांनी विचारले. तो आला नव्हता. त्या सकाळच्या यादीत शेवटची नोंद त्यांची आहे.