ताडमाड मुलीची जागा

परवा मुरबाड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. एका घराच्या ओटीवर आम्ही दहा-बाराजणी बसलो होतो. त्या घरातली नववीतली मुलगी चहा घेऊन आली. दार ठेंगणं, म्हणून वाकून आली ते ठीक, पण ओटीवर आल्यावरही ती वाकलेलीच! आई म्हणाली, "काय सांगू ताई, नुसती ताडासारखी वाढतेय. हिला नवरा कुठून आणायचा?" बायका हसल्या. पोरगी आणखी खाली झुकली. खरं सांगते, मीही हसले. त्याची लाज वाटली ती शहापूरला परतताना, गाडीत.

तेव्हा आठवली गीतू अ‍ॅना जोस. मैत्रिणींनो, हे नाव आपल्यातल्या फारजणींनी ऐकलं नसेल. सानिया, सायना घराघरांत पोचल्या. बास्केटबॉलला कोण विचारतं? गीतू केरळची, जन्म १९८५ चा, उंची ६ फूट २ इंच. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून १० फुटांवर असते. तिच्याजवळ जी ठाण मांडते ती 'सेंटर'. हुकलेला चेंडू वरच्या वर पकडायचा, समोरचीने फेकलेला अडवायचा, धक्के खायचे, पण जागा सोडायची नाही. तिथे वाकून चालतच नाही हो!

याच जागेवर खेळत गीतू भारताची कर्णधार झाली. खेळाच्या जोरावर तिला सदर्न रेल्वेत नोकरी मिळाली. २००६ मध्ये ती ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या रिंगवुड भागातल्या क्लबकडून व्यावसायिक बास्केटबॉल खेळायला गेली. २०११ मध्ये तर अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमधून शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो अशा तीन संघांनी तिला निवड चाचणीला बोलावलं. निवड काही झाली नाही. 'म्हणजे शेवटी नाहीच ना?' असं विचारणारे आपल्याकडे असतातच. पण त्याआधी एकाही भारतीय मुलीला तिथून असं बोलावणं आलं नव्हतं. २०१४ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आज ती निवृत्त आहे.

आता कोणी म्हणेल, कुठे केरळ आणि कुठे आपण! तर मग पुण्याची शिरीन लिमये घ्या, तीही भारताची कर्णधार झाली. आणि आपल्या मुलींच्या अंगात कस नाही असं थोडंच आहे? भातसा, तानसा आपल्या शहापूर तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवरच्या पोरी डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतात. कबड्डी, खो-खोत त्या चमकतातही. पण दहावीच्या वर्षी खेळ बंद, कारण 'अभ्यास', आणि पुढे बंद, कारण 'स्थळं'. खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. त्याबद्दल पालक सभेत तक्रार करणारी आई मात्र अजून पाहिली नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे. ते किती आयांना माहीत आहे?

पुढच्या बैठकीत हे सगळं त्या मुलीच्या आईला सांगितलं. गीतूचा फोटोही दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला, मुलीला हाक मारून तिलाही दाखवला. मग म्हणाली, "ते सगळं खरं ताई. पण सराव शाळा सुटल्यावर आणि शेवटची गाडी साडेपाचची. पोर घरी येणार कशी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सराव सकाळी, शाळेच्या आधी घेता येईल का, हे विचारायला सोमवारी आम्ही पाचजणी मुख्याध्यापकांकडे जाणार आहोत. तीही येणार आहे.