निकालानंतरचा तपास

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या उपनगरी गाड्यांत, प्रथम वर्गाच्या डब्यांमध्ये, अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. कामावरून घरी निघालेले १८० हून अधिक मुंबईकर मारले गेले, ८०० हून अधिक जखमी झाले. विशेष मोक्का न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक जण हा निकाल ऐकायला उरला नव्हता. २०२१ मध्ये तो कैदेत असतानाच कोरोनाने गेला.

राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. तीनच दिवसांत त्या न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत पायंडा म्हणून वापरू नये, असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही. अपिलाचे काय व्हायचे ते होईल. पण सरकारी पक्षाचा पुरावा उच्च न्यायालयात का टिकला नाही, हे मुळातून वाचण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. ‘न्यायालयाने सोडले’ एवढ्यावर चर्चा संपली आणि बाकीचा राग न्यायमूर्तींवर निघाला. तो रोख चुकीच्या दिशेला आहे.

या खटल्याचा भार मुख्यतः कबुलीजबाबांवर होता. एरवी पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा ठरत नाही. १९९९ च्या मोक्का कायद्याच्या कलम १८ ने त्याला अपवाद केला. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य, मात्र ती मोकळ्या वातावरणात घेतलेली हवी आणि आरोपीला विलंब न लावता दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेले हवे. उच्च न्यायालयाला या कबुलीजबाबांत एकाचा मजकूर दुसऱ्याशी शब्दशः जुळणारा आढळला. मारहाण करून ते घेतल्याचा आरोपींचा दावाही खंडपीठाने मान्य केला.

ओळख परेडचे तेच. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचे सांगणाऱ्या टॅक्सीचालकांनी त्यांना ओळखले ते घटनेला शंभराहून अधिक दिवस उलटल्यावर. दिवसभर माणसे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या चालकाला पाठीमागे बसलेल्या अनोळखी प्रवाशाचा चेहरा इतक्या काळानंतर नेमका आठवावा, असे कोणते कारण होते? ते सरकारी पक्षाला सांगता आले नाही. त्यात, ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने परेड घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. जप्त केलेल्या स्फोटकांची मोहोर आणि साठवण यांतही त्रुटी निघाल्या. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सिद्ध झाले नाही. भर म्हणून, २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने पकडलेल्या इंडियन मुजाहिदीनच्या संशयितांकडून याच स्फोटांची निराळी हकिगत पुढे आली होती. एकाच शहराच्या पोलिसांकडे एका गुन्ह्याच्या दोन कथा असतील, तर निदान एक खोटी असणार, आणि ती कुठली हे शोधणे पोलिसांचेच काम होते.

दहशतवादाच्या खटल्यात असेच व्हायचे, हे आम्हाला मान्य नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा तपास याच मुंबई पोलिसांनी केला. आरोपी अजमल कसाब जिवंत हाती लागला होता, छायाचित्रे होती, सीसीटीव्हीचे चित्रण होते. तो तपास तुलनेने सोपा होता हे खरे. पण कसाबची कबुली दंडाधिकाऱ्यापुढे, विचार करायला अवधी देऊन नोंदवली गेली होती. म्हणूनच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर भिस्त ठेवली आणि शिक्षा तिन्ही न्यायालयांत टिकली. कायद्याने घालून दिलेली वाट चालल्याने तेव्हा खटला दुबळा झाला नाही, उलट बळकट झाला.

तपास फसल्यावर भरडले जातात ते बहुधा असे, ज्यांच्यामागे कोणी उभे नसते. २००३ मध्ये नाशिकजवळ दरोडा, खून आणि बलात्काराची भीषण घटना घडली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, २००९ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांसाठी फाशीच ठरवली. पुढे फेरविचारात मूळ नोंदी पुन्हा उघडल्या. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार भलत्याच माणसांवर बोट ठेवले होते, आणि त्या चौघांकडे कुणी वळूनही पाहिले नव्हते. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच आधीचा निकाल मागे घेतला, सहाही जणांना निर्दोष सोडले, राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले आणि चुकार अधिकारी शोधून खात्यांतर्गत कारवाई करण्यास सांगितले. सोळा वर्षे तुरुंगात, त्यातली कितीतरी फाशीच्या छायेत. ज्या कुटुंबाची माणसे मारली गेली, त्याला तरी यातून काय मिळाले? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. साखळी स्फोटांच्या निकालात खंडपीठानेही हाच धोका बोलून दाखवला आहे. गुन्हा उकलल्याचा आभास निर्माण केला की समाज निर्धास्त होतो, आणि खरा धोका मोकाट राहतो.

यावर उपाय नव्याने शोधायचा नाही. ‘गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्येच सर्व राज्यांना आदेश दिला होता: पोलीस आणि अभियोग खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमा, प्रत्येक निर्दोष मुक्ततेचे कारण तपासा, तपास अधिकारी वा सरकारी वकील चुकला असेल तर जबाबदारी निश्चित करा, आणि सापडलेल्या चुका प्रशिक्षणात शिकवा. मुदत सहा महिन्यांची होती. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मागता यावी यासाठी विशेष न्यायालये नेमण्याची शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात केली. तसा स्वतंत्र कायदा संसदेने अजून केलेला नाही. म्हणून आजही भरपाई मिळते ती कायद्याने मिळालेला हक्क म्हणून नव्हे, समोरच्या खंडपीठाला योग्य वाटली तर.

प्रामाणिक अधिकाऱ्यांचे मनोबल खचेल, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. आम्हाला तो पटत नाही. मोहोर नीट लावणारा, जबाब आहे तसा लिहून घेणारा, वरून दट्ट्या आला तरी घाई न करणारा अधिकारी आज ढिसाळ सहकाऱ्याच्याच रांगेत मोजला जातो. चौकशीने खचेल तो दुसरा. आरोपी पकडल्याची घोषणा पत्रकार परिषदेत होते, बढत्या आणि पदके तेव्हाच्या मोजमापावर ठरतात. खटला कोसळतो तेव्हा तपास करणारे बहुतेक जण निवृत्त झालेले असतात. हे बदलायचे तर निकालाची नोंद अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकापर्यंत पोहोचली पाहिजे.

राज्याच्या गृहविभागाने पुढच्या अधिवेशनात विधिमंडळापुढे एक निवेदन ठेवावे. किशनभाई निकालानुसारची समिती राज्यात कोणत्या स्वरूपात काम करते, तिने गेल्या दहा वर्षांत मोक्काखालच्या किती निर्दोष मुक्तता तपासल्या, किती अधिकाऱ्यांवर जबाबदारी निश्चित केली आणि नाशिकच्या त्या सहा जणांच्या प्रकरणात खात्यांतर्गत कारवाईचे पुढे काय झाले, हे त्यात आकड्यांसह असावे. साखळी स्फोटांतल्या मृतांच्या नातेवाइकांना त्याची प्रत सरकारने स्वतःहून पाठवावी.