शेंडीवाली कोंबडी आणि आपलें जुनें खुराडें

शौकाची वस्तु घरीं आणण्यास कोणाची हरकत नसावी. परंतु ती वस्तु सजीव असेल व शेजाऱ्याच्या अंगणांत फिरणारी असेल, तर तो शौक आपला एकट्याचा राहत नाहीं. डोक्यावर पिसांचा झुबका असलेल्या शोभेच्या कोंबड्या अलीकडे जव्हार-मोखाड्याकडील कांहीं खातेदारांच्या दारीं माझ्या पाहण्यांत येऊं लागल्या आहेत. त्यांविषयीं अनुभवाचे चार शब्द सांगणें मला अवश्य वाटतें.

गतवर्षीं नातवाच्या हट्टास्तव मीं बाजारांतून अशा दोन कोंबड्या व एक कोंबडा विकत आणला. घरीं चौदा गांवठी कोंबड्या होत्या. संध्याकाळीं डालग्यांतून काढून तिन्ही पाखरें मीं सरळ जुन्या खुराड्यांत सोडलीं. सकाळीं पाहतों तों एकीची शेंडी उपटलेली, टाळू रक्तबंबाळ, आणि ती कोपऱ्यांत तोंड खुपसून बसलेली! पुढें दहा-बारा दिवसांत घरच्या कोंबड्या हिरवी हगवण लागून, माना पिरगळून पडूं लागल्या. मानमोडी आली होती. चौदांपैकीं तीन वांचल्या. हें नुकसान मीं सोसलें असतें. पण ओढ्यापलीकडील पाड्यावर राहणाऱ्या एका वारली म्हातारीच्या नऊही कोंबड्या त्याच पंधरवड्यांत गेल्या. घरांतील नागली संपल्यावर ऐन पावसाळ्यांत मीठ-मिरची आणण्यास तिला तोच आधार होता. तिनें मला एका शब्दानेंही जाब विचारला नाहीं. तेंच मला अधिक लागलें.

दोष कोंबडीचा नव्हे, माझ्या उतावळेपणाचा होता. कचेरींत जसा ज्येष्ठतेचा क्रम, तसा खुराड्यांतही असतो. नॉर्वेंतील थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्ब या प्राणिशास्त्रज्ञानें सन १९२१ च्या सुमारास कोंबड्यांतील हा चोंचीचा अधिकारक्रम शास्त्रीय रीतीनें मांडला; आपल्या घरच्या बायकांना तो पूर्वीपासून ठाऊक आहे. नव्या पाखरास या क्रमांत जागा मिळेपर्यंत मार खावा लागतो. शेंडीवालीचें दुर्दैव असें कीं, पिसें डोळ्यांवर आल्यानें तिला वरून व बाजूनें येणारी चोंच दिसत नाहीं. शिवाय पोलिश जातीच्या शेंडीखालीं कवटीवर उंचवटा असून तेथील हाड पुष्कळदां सच्छिद्र राहतें. डार्विननें सन १८६८ च्या आपल्या ग्रंथांत याचें वर्णन केलें आहे. तेव्हां तेथें बसलेली चोंच केवळ कातडीवर थांबेल, असा भरंवसा नाहीं.

आपल्या मुलखाचाही विचार केला पाहिजे. येथें मृगापासून हस्तापर्यंत अंगण वाळत नाहीं. भिजलेली शेंडी डोळ्यांवर चिकटते, तींत उवा होतात, डोळे चिघळतात. घार, शिकरा, मुंगूस यांची चाहूल गांवठी कोंबडीस क्षणांत लागते. शेंडीवालीस ती लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पोलिश कोंबडी सहसा खुडूक होत नाहीं. सिल्की जातीची खुडूक उत्तम होते खरी, पण तिचीं रेशमासारखीं सुटीं पिसें पाणी झटकीत नाहींत.

कोणी म्हणतील, कळपांत नवें रक्त यावयास नको काय? यावें, परंतु तें अंड्यांसाठीं व वजनासाठीं यावें. त्याकरितां गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या जाती उपलब्ध आहेत. शेंडी ही केवळ शोभा आहे, आणि ती संततींत सहज उतरते. कोंबडा एकटा शेंडीवाला असला तरी पिलांच्या डोक्यावर लहानसा झुबका येतो. जेथें अंडीं उबविण्याचें यंत्र म्हणजे खुडूक कोंबडीच, तेथें न बसणाऱ्या जातीचा कोंबडा मोकळ्या कळपांत सोडणें म्हणजे बियाण्यांत बदड मिसळण्यासारखेंच होय. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, शेंडीवाला कोंबडा गांवठी कळपांत मुळींच सोडूं नये.

कोंबड्या ठेवणें असेल त्यानें पुढील क्रम पाळावा. नवीं पाखरें निदान चार आठवडे घरापासून दूर, वेगळ्या डालग्यांत ठेवावीं. त्यांचें दाणापाणी निराळें असावें व घरच्या कोंबड्यांचें आटोपल्यावर मगच त्यांच्याकडे जावें. उवा पाहाव्या, डोळ्यांवरील पिसें बोथट कात्रीनें कापावीं. नंतर आठवडाभर मध्यें जाळी घालून दोन्ही पक्षांस एकमेकांचें दर्शन घडवावें. एकटें पाखरूं कधींही सोडूं नये. दाण्याचीं भांडीं दोन-तीन ठिकाणीं ठेवावीं, आणि रक्त दिसतांच जखमी पाखरूं बाजूस काढावें, कारण रक्त पाहिलें कीं सर्व कळप तुटून पडतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मानमोडीवर औषध नाहीं, लस आहे. पहिल्या आठवड्यांत लासोटा लशीचा थेंब डोळ्यांत अगर नाकांत घालतात, व आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी लस टोचतात. ही टोचण्याची लस शेंकडों मात्रांच्या कुपीत येते, आणि एकदां कालविली म्हणजे थोड्याच तासांत संपवावी लागते. आपल्या घरच्या पंधरा कोंबड्या टोचून उरलेली लस ओतून देण्याऐवजीं त्याच सकाळीं सर्व पाड्यास बोलवावें. यंदा मीं पशुवैद्यकीय दवाखान्यांतून कुपी आणविली तेव्हां प्रथम ओढ्यापलीकडे निरोप धाडला. म्हातारी आली, तिच्या टोपलींत चार तलंगा होत्या. त्यांतील दोन माझ्या घरच्याच होत्या, हें येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ज्यानें रोग आणला त्यानें निदान तेवढें तरी करावें.

— एक निवृत्त महसूल कारकून