विसरलेल्या भेटीचा खेळ : ‘टु द मून’विषयी

कथेतील रहस्य न उलगडता ‘टु द मून’विषयी काही महत्त्वाचे बोलता येईल असे मला वाटत नाही. ज्यांना हा खेळ आधी स्वतः अनुभवायचा असेल त्यांनी चार-पाच तास काढून तो संपवावा आणि मग हा लेख वाचावा. इतरांसाठी पुढे सर्व काही उघड केले आहे.

२०११च्या नोव्हेंबरमध्ये आलेला हा संगणकीय खेळ कान गाओ या कॅनडातील तरुणाने ‘आरपीजी मेकर एक्सपी’ या सॉफ्टवेअरवर तयार केला. हे सॉफ्टवेअर मुळात हौशी लोकांसाठीच आहे. प्रोग्रॅमिंगचे फारसे ज्ञान नसलेल्याला चौकोनी तुकडे जोडून त्यावर घर, रान, शाळा उभी करता येते आणि त्यात बोटभर उंचीची माणसे हिंडवता येतात. नव्वदच्या दशकातील जपानी रोल-प्लेइंग खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही धाटणी लगेच ओळखू येईल. लेखन, रचना आणि बहुतांश संगीत गाओचेच. खेळ पैसे घेऊन विकला गेला, ‘गेमस्पॉट’ने त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्तम कथेचा मान दिला, त्यामुळे व्यवहाराच्या भाषेत त्याला हौशी म्हणता येणार नाही. पण घडणीने तो हौशीच आहे, आणि राज्य नाट्य स्पर्धेची परंपरा असलेल्या आपल्यासारख्यांना हा शब्द हिणवण्याचा वाटू नये. हौशी कलाकृतीचे गुण आणि दोष अनेकदा एकाच मुळातून येतात. इथेही तसेच झाले आहे.

कथा अशी. मरणाच्या दारातील माणसाच्या स्मृतीत शिरून त्याची अपुरी इच्छा ‘पूर्ण’ करणारी एक कंपनी आहे. तिचे दोन डॉक्टर, इव्हा रोझलिन आणि नील वॉट्स, यंत्राच्या साहाय्याने रुग्णाच्या बालपणापर्यंत जातात आणि तिथे एक इच्छा रुजवतात. त्या बीजातून रुग्णाचे मन नव्या, खोट्या आयुष्याची स्मृती रचते. खोट्या आठवणी खऱ्यांशी जुळणार नाहीत, म्हणून हे काम शेवटच्या घटकांतच करायचे. जॉनी वाइल्स हा त्यांचा रुग्ण. त्याला चंद्रावर जायचे आहे. का, ते त्याला ठाऊक नाही. त्याची पत्नी रिव्हर दोन वर्षांपूर्वी वारली आहे आणि तिने केलेले कागदी ससे घरातील एका खोलीत शेकड्यांनी पडून आहेत.

डॉक्टर मागे मागे जात राहतात. म्हातारपण, रिव्हरचा मृत्यू, तिचे आजारपण, लग्न, शाळा. रिव्हर आत्ममग्नतेच्या वर्णपटावर आहे, आणि तिचे बोलणे व जगाचे बोलणे यांत नेहमी एक फट राहते. सिनेमागृहातला प्रसंग पाहा. जॉनी बाहेर ताटकळतो, ती आलीच नाही असे समजतो. ती मात्र केव्हाची आत जाऊन बसलेली असते. दोघे एकाच सभागृहात होतो म्हणजे बरोबरच होतो, असा तिचा हिशेब. हसू येते आणि लगेच ओशाळल्यासारखे होते, कारण तिच्या हिशेबात चूक काढता येत नाही.

उलट्या क्रमाने कथा सांगणे ही क्लृप्ती नवी नाही. पण इथे तिला एक विशेष अर्थ मिळतो. जॉनी एकदा रिव्हरजवळ कबूल करतो की शाळेत तो तिच्याकडे वळला तो तिच्या वेगळेपणामुळे, आपण चारचौघांसारखे राहू नये म्हणून. त्यानंतर ती ससे करू लागते. कबुलीने दुखावलेल्या बाईचा हा विचित्र छंद असावा, असे आपल्याला वाटते. पुढे, म्हणजे कालक्रमाने मागे, कळते की ते दोघे शाळेच्या खूप आधी, लहानपणी एका जत्रेच्या रात्री भेटले होते. तारे म्हणजे दूरची दीपगृहे आहेत असे त्यांनी ठरवले, ताऱ्यांतून सशाची आकृती जुळवली, चंद्र हे त्या सशाचे पोट. हरवलो, विसरलो तर चंद्रावर भेटायचे, असेही ठरले. पुढे जॉनीच्या जुळ्या भावाचा, जोईचा, आईच्याच गाडीखाली मृत्यू झाला. त्या धक्क्यावर दिलेल्या औषधांनी जॉनीचे सारे बालपण पुसले गेले आणि ती रात्रही त्यातच गेली. रिव्हरला ती आठवत होती. जॉनीच्या कबुलीतून तिला उमगले ते एवढेच की याला आपण आठवत नाही. मग ती आयुष्यभर ससे करीत राहिली आणि त्याने विचारावे म्हणून वाट पाहत राहिली. तिने शब्दांत सांगितले नाही. तिला ते तसे सांगता येत नव्हते.

संहितेचा अर्थ तिच्या पात्राआधी वाचकाला कळणे हा नाट्यगत उपरोध आपण वर्गात शिकवतो. या खेळाचे बळ असे की तो उपरोध खेळाडूच्या हातांतून घडवला जातो. खोलीतल्या सशांवर आपणच चालत गेलेलो असतो. आपणच वस्तू उचलून पाहिलेल्या असतात, त्यांचा अर्थ न कळता. रोल-प्लेइंग खेळात खेळाडूला नायकाची भूमिका मिळते अशी अपेक्षा असते. इथे मिळते ती वाचकाची. सुरुवातीची एक लुटुपुटीची लढाई सोडली तर लढाया नाहीत, शक्ती वाढवणे नाही, धन नाही. साधनांची गरिबीही उपयोगी पडते. या बुटक्या आकृत्यांच्या चेहऱ्यावर सूक्ष्म भाव दाखवणे शक्यच नाही, त्यामुळे रिव्हर मान वळवून उभी राहते तेव्हा तिच्या मनात काय आहे हे आपल्याला जॉनीइतकेच कळते, म्हणजे कळत नाही. मोठ्या कंपनीने हाच प्रसंग डोळ्यांतल्या पाण्यासह रंगवला असता आणि बिघडवला असता.

विज्ञानकथेविषयी एक कसोटी मराठीत वारंवार ऐकू येते : कथेतील विज्ञान काढून घेतले तर कथा उरता कामा नये. स्मृतियंत्राचे तंत्र गाओ जुजबीच सांगतो, आणि जेवढे सांगतो ते फार पटणारे नाही. पण यंत्राने निर्माण केलेला नैतिक पेच काढला तर मागे उरेल ती एक हळवी प्रेमकथा. त्या अर्थाने कसोटी उतरते.

दोषांकडे येऊ. किरकोळ दोष पुष्कळ आहेत. प्रत्येक स्मृतीच्या शेवटी चौकोन उलटवून चित्र जुळवण्याचे एक कोडे सोडवावे लागते. त्याचा कथेशी संबंध नाही आणि तिसऱ्यांदा त्याचा कंटाळा येतो. नीलचे विनोद काही ठिकाणी मृत्यूच्या खोलीत मोबाइल वाजावा तसे येतात. आणि अखेरच्या भागात, कथा सर्वांत जड झाली असताना, नीलला शाळेच्या इमारतीत झाँबी चुकवत पळावे लागते. ही हौशी लेखकाची भीती आहे. आपला प्रेक्षक कंटाळून उठून जाईल या धास्तीने गंभीर नाटकात विनोदी नोकर घालणारे नाटककार आपण पाहिले आहेत. ज्याने तीन तास आपल्यावर विश्वास टाकला, त्याच्यावर शेवटच्या तासात गाओ विश्वास टाकत नाही.

खरा दोष मात्र त्या पळापळीच्या आड आहे. नील पळतो आहे तो इव्हाला थांबवायला. रिव्हर जवळ असेल तोवर जॉनीला चंद्राची ओढ लागणार नाही, हे ध्यानात आल्यावर इव्हा रिव्हरलाच त्याच्या शालेय आयुष्यातून काढून टाकते आणि तिच्या जागी मृत भाऊ जिवंत करते. करारातील इच्छा पुरी करण्यासाठी त्या इच्छेचे कारणच पुसायचे! हा प्रश्न साहित्याच्या कोणाही विद्यार्थ्याला झोपू देणार नाही असा आहे. आणि नेमक्या इथे खेळ आपल्याला काही विचारत नाही. निवड इव्हा करते, विरोध नील करतो, आपण फक्त बटणे दाबतो. पुढे जॉनी नासात जातो, तिथे रिव्हर आपोआप पुन्हा भेटते, दोघे मिळून अवकाशयानात बसतात, खिडकीत चंद्र येतो आणि यंत्रावरची रेषा सरळ होते. पियानो वाजू लागतो. मी रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. नंतर राग आला. रिव्हर परत आली नसती तर इव्हाच्या कृतीची किंमत आपल्याला मोजावी लागली असती. लेखकाने ती किंमत माफ करून टाकली.

याला एक उत्तर आहे आणि ते दुबळे नाही : हरवलो तर चंद्रावर भेटायचे हे मुलांनीच ठरवले होते, तेव्हा रिव्हर तिथे येणारच, यंत्राने फक्त वचन पाळले. रचना म्हणून हे चोख बसते. पण यानात जॉनीशेजारी बसलेली स्त्री कोण आहे? जॉनीच्या मनाने रचलेली रिव्हर ती. तिला सशांची गरज पडलेली नाही, तिची कोणी गैरसमजूत करून घेतलेली नाही, तिने दीपगृहाजवळचे घर पुरे व्हावे म्हणून स्वतःचे उपचार नाकारलेले नाहीत. खरी रिव्हर तिच्या म्हणण्याचा अर्थ कोणालाही न कळता गेली. तो अर्थ अखेर दोन परक्या डॉक्टरांना कळला, आणि ज्याच्यासाठी ती ससे करीत होती त्याला तो सांगण्याऐवजी त्यांनी त्याच्या मनातून ते ससेच काढून घेतले. शेवटचा पियानो ऐकताना मला ती खोली आठवत राहते. यंत्राने पुसले ते जॉनीच्या डोक्यात. घरातले कागदी ससे होते तिथेच आहेत.